सुपारीएवढी गाठ

११ फेब्रुवारी

घरात कमी बोलायचं ठरवलंय, म्हणून लिहितेय. बावन्न वर्षांत डायरीची गरज पडली नाही, कारण मनात येईल ते मी तोंडाने सांगून मोकळी होते. आता आवाज कामापुरता राखून ठेवायचा आहे.

झालं असं की काल परिषदेत माझा आवाज गेला. मी दुभाषी आहे. दिल्लीतल्या सरकारी परिषदांमध्ये सभागृहाच्या मागे काचेची एक खोली असते, तिला आम्ही केबिन म्हणतो. तिथे बसून कानात हेडफोन लावायचे आणि व्यासपीठावरचा माणूस हिंदीत बोलत असतानाच त्याच्या मागोमाग मराठीत बोलत राहायचं. महाराष्ट्रातून आलेली मंडळी ते ऐकतात. काल एक साहेब पाण्याच्या टाक्यांवर बोलत होते आणि मी मजेत त्यांच्या मागे चालले होते. 'आम्ही या वर्षी' एवढं म्हटलं आणि घसा असा काही खरखरला की पुढचं आलंच नाही. शेजारी शालिनी होती. आम्ही दोघी वीस-वीस मिनिटं वाटून घेतो. तिने माझा माईक बंद करून आपला लावला आणि वाक्य पुरं केलं. सभागृहात कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. तेच मला लागलं.

गाठ जुनीच आहे, थायरॉइडच्या उजव्या बाजूला. तीन वर्षांपूर्वी सापडली तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता सुपारीएवढी आहे. सुईने पेशी काढून दोनदा तपासल्या, कॅन्सर नाही. रक्तही ठीक. म्हणून मी तिच्याकडे काणाडोळा करत आले. आता साडीच्या पिनेला हात लावताना आरशात दिसते ती, गिळताना वरखाली होते. माझ्याच गळ्यात बसून माझंच ऐकत असल्यासारखी.

१४ फेब्रुवारी

सर्जनबाईंना दाखवलं. चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. म्हणाल्या, गाठ मोठी आहे, श्वासनलिकेला किंचित दाबते, तेव्हा थायरॉइडचा उजवा अर्धा भाग काढावा. स्वरयंत्राची शीर अगदी मागून जाते, तिला आम्ही जपतो. शंभरात एखाद-दोघांचा आवाज कायमचा बदलतो. मी कशावर पोट भरते ते सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जरा वेळ माझ्याकडे पाहिलं.

श्यामकांत सोबत होता. नवरा म्हणून नाही, स्टेनो म्हणून आल्यासारखा. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि एक प्रश्न विचारला, पार्किंगची पावती इथेच शिक्का मारून मिळते का. छत्तीस वर्षं केंद्रीय मंत्रालयात काढली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला, पण फाइल काही त्याच्या अंगातून निवृत्त झाली नाही.

१७ फेब्रुवारी

दिल्लीत हे दोन-तीन आठवडे फार लबाड असतात. थंडी गेली म्हणावं तर सावलीत आहे, उन्हाळा आला म्हणावं तर अजून शाल लागते. आर. के. पुरमच्या आमच्या या घराच्या बाल्कनीसमोर सावरीचं झाड आहे. पान एक नाही, नुसती लाल फुलं. जड असतात ती, पडली की धप्प आवाज होतो. दुपारी खुर्चीत डोळे मिटून मी ते मोजत बसते. एक धप्प, मग बराच वेळ काही नाही. त्या मधल्या वेळात मी कुठेतरी जाऊन येते. आज पुण्याच्या शाळेत जाऊन आले, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांत पुढे उभी होते.

श्यामकांतने परत आणलं तिथून. विजेच्या मीटरची नोटीस आलीय, जरा वाचून दाखव. चष्मा कुठेय विचारलं तर म्हणे सापडत नाही. शर्टाच्या खिशात होता, दांडी मला दिसत होती. वाद घालण्यापेक्षा वाचणं सोपं, म्हणून वाचली. पानभर नोटीस. तो समोर बसून ऐकत होता, हात मांडीवर, फोन टेबलावर पालथा ठेवलेला. वाचून झाल्यावर म्हणाला, तारीख पुन्हा सांग.

आवाज राखायचा ठरवलंय हे त्याला तीनदा सांगितलंय मी.

२१ फेब्रुवारी

मयुरा आली गुडगावहून, लॅपटॉपसकट. माझी लेक दिल्लीत वाढली, तिचं मराठी घरातलं, त्यात अर्धं हिंदी. मी म्हटलं, आवंढा गिळताना अडकतं. तर म्हणाली, आई, आवंढा म्हणजे काय गं? मी गिळून दाखवला.

तिने नवीन काढलंय. कापायचं नाही. मानेतून बारीक सुई गाठीत घालायची आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ आतल्या आत भाजून टाकायची. अब्लेशन म्हणतात. सोनोग्राफीत बघत बघत करतात, भूल फक्त तेवढ्या जागेला. टाका नाही, व्रण नाही, संध्याकाळी घरी. मेलेली गाठ शरीर हळूहळू जिरवतं, सहा महिने-वर्षात निम्म्याहून लहान होते. 'बिल्कुल सिंपल आहे यार,' म्हणाली. या मुलीला सगळंच सिंपल असतं, लग्न सोडून.

श्यामकांतने जेवताना विचारलं, आमटीत तू चिंच आधी घालतेस की गूळ? सत्तावीस वर्षं माझ्या हातची आमटी खातोय हा माणूस. मी बोटांनी खूण केली. म्हणाला, नाही, नीट सांग, पहिल्यापासून. मयुरा हसायला लागली. मी चिडून फोडणीपासून गुळापर्यंत सगळं सांगितलं, वर हेही सांगितलं की आमसुलं घालणाऱ्यांनी स्वतःचं वेगळं घर करावं. फोन पुन्हा ताटाशेजारी पालथा. रिटायर झाल्यापासून फोन जेवणात घेऊन बसायची नवी खोड लागलीय.

२५ फेब्रुवारी

अब्लेशन करणारे डॉक्टर नरसिंह भेटले. सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. करड्या धुक्यात एक अंधूक बेट. जानेवारीत पहाटे विमानतळाच्या रस्त्यावर धुकं असतं ना, तसं. मागे एक बारीक फट होती, तिथे बोट ठेवून ते हिंदीत म्हणाले की तुमच्या आवाजाची शीर इथून जाते. मी पाहतच राहिले. सत्तावीस वर्षं ज्याच्यावर जगले, तो एवढासा दोरा, आणि तोही दिसत नाही, फक्त असणार एवढंच ठाऊक.

माणूस सरळ आहे. म्हणाले, इथेही धोका आहे, ऑपरेशनपेक्षा कमी, पण शून्य नाही. शिरेलगतचा भाग मी मुद्दाम सोडेन. गाठ पुढे वाढू शकते, पुन्हा करावं लागू शकतं. गाठ कॅन्सरची असती तर तुम्हाला सर्जनकडेच पाठवलं असतं. आणि एक अट घातली. सुई आत असताना मधूनमधून बोलायचं, कारण आवाज बदलला की त्यांना कळतं शीर जवळ आली. मान हलवायची नाही, गिळायचं नाही, पण बोलायचं.

काय बोलू, मी विचारलं. म्हणाले, काहीही, अपने मन की बोलिए.

घरी येताना टॅक्सीत तेच डोक्यात. मनातलं म्हणजे काय बोलायचं? आमच्या कामात पहिला नियम असा की 'ते म्हणतात की' असं कधी म्हणायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. बोलणारा पुरुष असेल तर मी आलो, मी गेलो. आजवर मी सचिव झालेय, शास्त्रज्ञ झालेय, एकदा माफी मागणारा कंत्राटदारही झालेय आणि त्याच्यापेक्षा चांगली माफी मागितलीय. माझं स्वतःचं असं त्या काचेत कधी काही बोलायलाच लागलं नाही.

२८ फेब्रुवारी

दुपारी झोप लागली आणि स्वप्न पडलं. केबिनमध्ये बसलेय. काचेपलीकडे पाणी भरलंय, हिरवट, आणि पाण्यात माणसं रांगेने बसलीत कानात हेडफोन लावून. मी बोलतेय, पण मला माझं ऐकू येत नाही. त्यांना मात्र काहीतरी ऐकू येतंय, कारण सगळी हसताहेत. मी शालिनीला विचारलं, काय ऐकताहेत ही? ती म्हणाली, तुझं घर. कुकरची शिट्टी, तू कुणाला तरी रागावतेस ते. मग एकेक माणूस उठून पोहत बाहेर गेला आणि शेवटच्या रांगेत एकच उरला. त्याने हेडफोन काढलाच नाही.

जागी झाले तर बाल्कनीत सात फुलं पडलेली.

संध्याकाळी श्यामकांतला सरळ विचारलं. ऑपरेशन करू, अब्लेशन करू, की राहू दे आहे तसं? भांडी पुसत होता. म्हणाला, 'तुला योग्य वाटेल ते.' फाइलवर 'पाहिले' असा शेरा मारून पुढे सरकवतात, तसं. मला असा राग आला म्हणून सांगू. माझा आवाज जाईल, श्याम, मी म्हटलं, तुला काही वाटतं की नाही? तो तीच वाटी पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, गॅसवाल्याला फोन करायचाय, तू करतेस का, तुझं ऐकतो तो.

मी गॅसवाल्याला फोन केला आणि श्यामकांतवरचा सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला. सिलिंडर तासाभरात आलं. श्यामकांतच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

३ मार्च

ठरलं. अब्लेशन, नऊ तारखेला. सर्जनबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या की पर्याय योग्यच आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मात्र चुकवू नका. शालिनीने चोवीस तारखेच्या परिषदेत माझं नाव राहू दिलंय. पेन्सिलीने लिहिलंय, म्हणाली. मी हसले, तीही हसली, बराच वेळ फोनवर हसत होतो. श्यामकांत दारात उभा होता, काय हवंय विचारलं तर काही नाही म्हणाला.

८ मार्च

उद्या. भीती वाटते हे कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. फार भीती वाटते.

श्यामकांतने जेवताना विचारलं, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू काय म्हणाली होतीस? म्हटलं, तुला आठवत नाही? तो म्हणाला, मला आठवतं, पण तू सांग. म्हणून सांगितलं. कांदेपोहे झाल्यावर मी त्याला म्हणाले होते की तुम्ही काही बोलणार आहात, की मीच दोघांचं बोलू? सांगितल्यावर माझं मलाच हसू आलं. तो हसला नाही. उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ नळाशी होता.

९ मार्च

लिहिता येतंय म्हणून लिहिते.

उशी पाठीखाली, मान मागे, अंगावर हिरवं कापड, वर छताचे चौकोन. भुलेची सुई टोचली तेवढीच दुखली. मग डॉक्टर नरसिंह म्हणाले, कुमुदिनीजी, कुछ बोलिए. आणि माझ्या मनात काही म्हणता काही नव्हतं. लख्ख काच. डॉक्टर हळूहळू सांगत होते, अब मैं सुई अंदर ले जा रहा हूँ. माझं तोंड आपोआप सुरू झालं: 'आता मी सुई आत नेतोय. थोडा दाब जाणवेल, घाबरू नका. मी अगदी सावकाश जातोय.'

ते थांबले. हे काय, त्यांनी विचारलं. मी त्याचंही भाषांतर केलं. मागून नर्स खुदकन हसली. डॉक्टर म्हणाले, चालू रखिए, आवाज साफ है. मग काय, मी जे कानावर पडेल ते बोलत गेले. मशीनवाला आकडे सांगे, मी सांगे. नर्सने दबक्या आवाजात सिनियरकडे होळीची रजा मागितली, तर मी म्हटलं, 'मला पानिपतला घरी जायचंय, आई एकटी आहे, दोन दिवस तरी द्या.' मला इतकं हलकं वाटत होतं. घशात ऊब पसरत होती आणि मी डॉक्टर होते, नर्स होते, मशीनचा आकडा होते. फक्त गळा जिचा होता ती बाई तिथे नव्हती.

मग माझ्या आवाजाला चीर गेली. मला आधी ऐकू आली, मग त्यांना. सुई थांबली. शिरेला उष्णता लागू नये म्हणून त्यांनी गाठीभोवती थंड साखरपाणी सोडायला सांगितलं आणि सगळे गप्प झाले. गप्प राहण्याचं काय भाषांतर करणार. छताचे चौकोन पाहत राहिले. कुछ बोलिए, डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या तोंडून नुसती हवा आली.

शिरेलगतचा तुकडा सोडून त्यांनी काम संपवलं. बाहेर आल्यावर शांतपणे सांगितलं की भुलेचं औषध शिरेपर्यंत पोचलं असेल तर काही तासांत आवाज येतो. उष्णतेने शीर सुजली असेल तर दिवस लागतात, कधी आठवडे. बहुतेक येतोच. कुठल्या दिवशी, ते नाही सांगू शकत.

श्यामकांतने विचारलं, चहा घेशील? मी ओठ हलवले. त्याने कान माझ्या तोंडाशी आणला, तसाच ठेवला, मग सरळ झाला आणि म्हणाला, पार्किंगचं बघून येतो.

१० मार्च

आवाज नाही. काही तास उलटून गेले. मयुरा रजा टाकून आलीय, मानेवर बर्फ धरते, फोनवर वाचून दाखवते की असं होतं, ठीक होतं. गिळताना अडकत नाही हे खरं. पण त्याचा आनंद कुठल्या तोंडाने करू?

श्यामकांत आज काहीच विचारत नाही. नोटीस नाही, आमटी नाही. चष्माही सापडलेला दिसतो. घरात इतकं शांत की सावरीचं प्रत्येक फूल ऐकू येतं.

१२ मार्च

दुपारी पडले होते. अर्धवट झोपेत माझाच आवाज बाहेरून ऐकू आला. फोडणीत मेथी चार दाणे, जास्त नाही. मला वाटलं, चला, आला आवाज, उठून एकटाच फिरतोय घरभर, मला सोडून. त्यात काही चुकीचं वाटलं नाही. ऐकत पडले. मग मी म्हणाले, आमसुलं घालणाऱ्यांनी स्वतःचं वेगळं घर करावं, आणि मयुराचं हसणं आलं. मयुरा तर सकाळीच ऑफिसला गेली होती. तेव्हा डोळे उघडले.

बाल्कनीत श्यामकांत माझ्या खुर्चीत बसला होता. कानात इअरफोन, पण वायर फोनमधून निसटलेली, त्याला पत्ताच नव्हता. डोळे मिटलेले. आवाज साऱ्या बाल्कनीभर.

मी मागून फोन पाहिला. यादी होती. ऑफिसात फाइलींना घालायचा तसे क्रमांक. क्र. १, मीटरची नोटीस, तारखेसह. क्र. ९, आमटी, चिंच व आमसूल वाद. क्र. १७, गॅसवाला, अतिराग. क्र. २२, शालिनीशी फोन, हसणे, चार मिनिटे. क्र. ३१, देवाला फुलं वाहताना पुटपुटणे, अस्पष्ट. खाली, खाली, चाळीसपर्यंत. क्र. ४०, पहिली भेट.

तो दचकून उठला. यादी पाहिली, मला पाहिलं, फोन पालथा घातला. कान लाल झाले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, 'तुझा चहा निवला असेल. गरम करून आणू का?'

सत्तावीस वर्षं हा माणूस असंच बोलतोय आणि मी त्यातलं एक अक्षर भाषांतरित केलं नव्हतं. दुसऱ्यांची भाषणं चोख, घरातलं कानावरून गेलं. केबिनमध्ये बसते तशी मी ताठ उभी राहिले. येईल ते येईल म्हणून तोंड उघडलं. खरखरीत, फुटका, पत्र्यावर वाळू ओतावी तसा, पण निघाला.

'मी फार घाबरलो होतो,' मी म्हटलं. 'तू आधीच घाबरलेली होतीस, म्हणून मी काही बोललो नाही. तुझा आवाज गेला असता तर या घरात मला कुणी काही म्हणालं नसतं.'

श्यामकांतने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. पाठ माझ्याकडे होती, खांदे हलत होते. मी थांबले. बोलणारा थांबला की आपणही थांबायचं असतं. खाली एक फूल पडलं.

तो वळला, चष्मा पुसून घातला आणि म्हणाला, 'बरोबर आहे. यात काही दुरुस्ती नाही.'

मग फोन उचलून त्याने टेबलावर ठेवला, या वेळी उताणा, माझ्यासमोर लाल बटण दाबलं, आणि म्हणाला, 'पुन्हा एकदा म्हण, कुमुद. हे घ्यायचं राहिलं.'

आवाज अजून चांगला नाहीये, मी म्हटलं, चार दिवस थांब.

'नको,' तो म्हणाला. 'हाच हवाय.'